आडनांवाचें सोवळें

मागील पावसाळ्याच्या आरंभीं एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरून आम्हांस बोलावणें आलें. घर डबीरांचें. आजोबा ऐंशीच्या घरांतले, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. नातू सव्वीस वर्षांचा, यंत्रशास्त्राचा पदवीधर, लग्न ठरलेला. लग्नाच्या पत्रिका छापावयास जाण्यापूर्वीं आपलें आडनांव 'डबीर' ऐवजीं 'सुमंत' असें करून घ्यावें, तशी जाहिरात सरकारी राजपत्रांत द्यावी, असा त्याचा निश्चय झाला होता. अर्ज भरून तयार होता. त्यावर घरांत आठ दिवस कोणी कोणाशीं धड बोलत नव्हतें. शेवटीं विद्यार्थिनीला तोड सुचली, कीं सर भाषेचे अभ्यासक आहेत, त्यांनाच विचारूं.

नातू आमच्याशीं नम्रपणें बोलला. "सर, 'डबीर' म्हणजे काय असें कोणी विचारलें, तर मला सांगतां येत नाहीं. कचेरींत मित्र जेवणाच्या डब्यावरून थट्टा करितात, तें मी सोसलें असतें. पण व्याख्यानांत ऐकलें, कीं हा शब्द सुलतानांच्या दरबारचा आहे आणि शिवाजीमहाराजांनीं तो काढून 'सुमंत' हें पद दिलें. मग आमचें खरें नांव सुमंतच नव्हे काय?" आजोबा बराच वेळ गप्प होते. नंतर एवढेंच म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, पंचावन्न वर्षें ह्याच नांवाची सही केली. ती खोटी होती, असें कोणी सांगितलें नव्हतें."

त्या दिवशीं आम्ही चहा घेऊन परत आलों. तोंडीं उत्तर देण्याजोगा तो प्रश्न नव्हता. हा लेख त्या प्रश्नाचें उत्तर आहे. तो एका घरापुरता असता, तर आम्हीं तो पत्रानें कळविला असता. परंतु ज्या व्याख्यानाचा त्या तरुणानें उल्लेख केला, तशीं व्याख्यानें हल्लीं गांवोगांव होतात, आणि तीं ऐकून घरीं जाणारीं मुलें बापाच्या दारावरील पाटीकडे संशयानें पाहूं लागलीं आहेत. म्हणून ही गोष्ट चारचौघांत बोलणें आम्हांस प्राप्त झालें.

प्रतिपक्षाचें म्हणणें आधीं प्रामाणिकपणें मांडूं. तें तीन मुद्द्यांचें आहे. पहिला मुद्दा असा, कीं चिटणीस, फडणीस, पोतनीस, वाकनीस, मुजुमदार, डबीर हीं आडनांवें परकी आहेत. तीं गुलामगिरीचीं चिन्हें होत. दुसरा असा, कीं खुद्द शिवछत्रपतींनीं राज्याभिषेकाच्या वेळीं हीं नांवें टाकून संस्कृत पदें योजिलीं. तेव्हां जुनीं नांवें बाळगणें म्हणजे त्यांच्या आज्ञेचा भंग करणें होय. तिसरा असा, कीं नांव हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें. न आवडणारें नांव टाकण्यास कोणाची हरकत कां असावी? तिन्ही मुद्दे वरवर बिनतोड दिसतात. प्रत्येकाची तपासणी करूं.

आरंभींच एक गंमत नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. ज्या वक्त्यांचें व्याख्यान आम्हीं स्वतः ऐकलें, ते परकी शब्दांचा धिक्कार करितांना पुनःपुन्हां 'गुलामगिरी' हा शब्द योजीत होते. त्यांतील 'गुलाम' अरबी व 'गिरी' फारसी! वक्तेमहाशय ज्या खुर्चीवर बसले होते ती, ज्या कागदावरून टांचण वाचीत होते तो, आणि ज्या बाजूनें ते बोलत होते ती, या तिन्ही वस्तूंचीं नांवेंही त्याच वाटेनें मराठींत आलेलीं. हें आम्ही त्यांची टर उडविण्यासाठीं लिहीत नाहीं. सांगावयाचें इतकेंच, कीं जो शब्द जिभेवर बसला तो आपला झाला हें त्यांची जीभ जाणते. फक्त त्यांचा सिद्धांत जाणत नाहीं.

आतां 'डबीर' शब्दाकडे वळूं. फारसींत तो 'दबीर' असा आहे व त्याचा अर्थ लेखक, पत्रव्यवहार पाहणारा चिटणीस, असा होतो. दिल्लीच्या सुलतानांच्या राज्यांत दरबारी पत्रव्यवहाराचें खातें असे, त्यावरील मुख्य अधिकारी दबीर. 'द'चा 'ड' होणें मराठीला नवें नाहीं. दंशावरून डसणें झालें, तसाच दबीराचा डबीर झाला. येथपर्यंत व्याख्याते व आम्ही एका रस्त्यानें चालतों. परंतु ते येथें थांबतात. रस्ता मात्र पुढें पुष्कळ जातो.

'दबीर' हा शब्द इस्लामच्या उदयाहून जुना आहे. सासानी राजांच्या काळच्या पहलवी भाषेंत त्याचें रूप 'दिबीर' असें होतें. त्याच्या मुळाशीं प्राचीन पारसीकांचा 'दिपि' हा शब्द आहे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या अखेरीस दारयवहु राजानें बेहिस्तून येथील कड्यावर जो लेख कोरविला, त्यांत आपल्या शिलालेखाला तो 'दिपि' असेंच म्हणतो. हा 'दिपि' पारसीकांनाही शेजाऱ्यांकडून मिळालेला. एलामी, अक्कदी असा मागोवा घेत गेलें म्हणजे सुमेर देशांतील 'दुब' या शब्दापाशीं आपण पोंचतों. 'दुब' म्हणजे ज्यावर लिहीत ती मातीची पाटी. मनुष्यजातीनें लिहावयास आरंभ केला, त्या वेळच्या पाटीचें नांव आमच्या त्या आजोबांच्या दारावरील पाटीवर आहे, हें त्यांच्या नातवास ठाऊक नव्हतें. आणि व्याख्यात्यांनीं त्यास तें सांगितलें नाहीं.

कोणी म्हणेल, कीं सुमेर काय आणि इराण काय, आम्हांस दोन्ही परकेच. तर मग घरीं येऊं. सम्राट् अशोकानें आपले धर्मलेख ठिकठिकाणीं कोरविले. गिरनारच्या लेखांत त्यांस 'लिपि' म्हटलें आहे. परंतु वायव्येस, पेशावरजवळच्या शाहबाझगढी येथील खरोष्ठी लेखांत त्याच जागीं 'दिपि' हा शब्द आहे. आपला 'लिपि' हा शब्द म्हणजे या 'दिपि'चेंच, लिंपण्याच्या 'लिप्' धातूशीं सोयरीक जुळवून बदललेलें रूप होय, असें अनेक भाषापंडितांचें मत आहे. पाणिनीच्या एका सूत्रांत 'लिपि' व 'लिबि' हीं दोन्ही रूपें आढळतात, यावरून हा पाहुणा घरांत किती लवकर आला आणि घरचा कसा झाला, याची कल्पना येईल. म्हणजे 'डबीर' परका म्हणून टाकावयाचा, तर ज्या देवनागरी लिपींत राजपत्राचा अर्ज भरावयाचा, त्या लिपीचें नांवही टाकावें लागेल.

याच शाहबाझगढीच्या लेखांत 'लिहिलें' या अर्थीं साध्या 'लिखित' शब्दाऐवजीं 'निपिस्त' असें पारसीक वळणाचें रूप येतें. त्याच धातूपासून पुढें फारसींत 'नविश्तन' म्हणजे लिहिणें व 'नवीस' म्हणजे लिहिणारा हे शब्द निघाले. आणि आमचे चिटणीस, फडणीस, पोतनीस यांच्या शेपटाचा 'नीस' तो हाच. हा धातु संस्कृतांतील 'पिश्' धातूचा सख्खा भाऊ आहे. कोरणें, सजविणें हा त्याचा मूळ अर्थ. तेव्हां चिटणिसांच्या घरांत जें परकें म्हणून दाखविलें जातें, त्याचा भाऊ वेदांत नांदत आहे.

याहूनही नेमका पुरावा संस्कृतांतच आहे. 'दिविर' हा शब्द लेखक या अर्थीं संस्कृतांत रुळलेला होता. अकराव्या शतकांतील काश्मिरी कवि क्षेमेंद्र यानें आपल्या 'नर्ममाला' काव्यांत कारकुनांची जी खरपूस चेष्टा केली आहे, तींत हे दिविर भरपूर सांपडतात. त्याच्याही पुष्कळ आधीं, सौराष्ट्रांत वलभीच्या मैत्रक राजांचे जे सातव्या शतकांतील ताम्रपट मिळाले आहेत, त्यांच्या शेवटीं लेख लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचें नांव असतें आणि नांवापूर्वीं 'संधिविग्रहाधिकृत दिविरपति' असें पद असतें. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. संधि व विग्रह, म्हणजे परराज्यांशीं तह व युद्ध, हें ज्याच्याकडे, तोच दिविरांचा प्रमुख! आणि शिवाजीमहाराजांच्या अष्टप्रधानांत डबिराचें काम कोणतें होतें? परराज्यांशीं व्यवहार करण्याचें. एक हजार वर्षें मध्यें गेलीं, राजवंश बदलले, धर्म बदलले, लिपि बदलली. परंतु परराष्ट्राशीं बोलावयाचें तर पत्र लिहिणारा जाणता माणूस पाहिजे, ही जाणीव त्या एका शब्दाला चिकटून राहिली. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तो सन १२९६ मध्यें. त्याच्या आधीं सहा शतकें हा शब्द ब्राह्मणांस दिलेल्या दानपत्रांवर कोरला जात होता. त्यास सुलतानी म्हणणें हा इतिहासाचा अडाणीपणा आहे.

दुसऱ्या मुद्द्याकडे येऊं. तो अधिक नाजूक आहे, कारण त्यांत महाराजांचें नांव गोंवलें आहे. आणि त्या नांवापुढें मराठी मनुष्य युक्तिवाद विसरतो. सन १६७४ मध्यें राज्याभिषेकाच्या वेळीं पेशव्यांस मुख्य प्रधान, मुजुमदारांस अमात्य, सुरनिसांस सचिव, वाकनिसांस मंत्री, सरनोबतांस सेनापति व डबिरांस सुमंत अशीं पदें देण्यांत आलीं, आणि रघुनाथ पंडितांकडून 'राज्यव्यवहारकोश' करविण्यांत आला, हें खरें आहे. त्या कृत्याचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. नवें सिंहासन निर्माण करणाऱ्या राजानें आपल्या दरबाराची भाषा आपण ठरवावी, यांत राजकारणाची मोठी दृष्टि आहे. राजवाड्यांनीं जुन्या पत्रांतील शब्द मोजून पुढें दाखविलें, कीं त्या शतकांत मराठी पत्रव्यवहारांतील फारसी शब्दांचा भरणा झपाट्यानें ओसरला. त्या ओसरण्यास महाराजांचें धोरण कारण झालें, असें आम्हीही मानतों.

परंतु महाराजांनीं बदललें तें पद. घराण्याचें नांव नव्हे. राज्याभिषेकसमयीं सुमंत झाले ते रामचंद्र त्रिंबक. ते इतिहासांत डबीर म्हणूनच ओळखले जातात. त्यांचे आजोबा सोनोपंत डबीर शहाजीराजांच्या काळापासून घरचे जाणते सल्लागार. त्यांचे वडील त्रिंबकपंत डबीर सन १६६६ मध्यें महाराजांबरोबर आग्र्यास गेले होते. महाराज निसटले, मागें राहिलेले त्रिंबकपंत डबीर व रघुनाथपंत कोरडे पकडले गेले आणि त्यांचे हाल करण्यांत आले. तो मार त्रिंबकपंतांनीं खाल्ला तो कोणत्या आडनांवानें? 'सुमंत' हें पद तेव्हां जन्मासही आलें नव्हतें. स्वराज्यासाठीं ज्या नांवानें कैद भोगली, तें नांव गुलामगिरीचें चिन्ह, असें आज साडेतीनशें वर्षांनंतर थंडगार सभागृहांत बसून सांगावयाचें आणि आपण टाळ्या वाजवावयाच्या, ह्यापरतें दुर्दैव तें कोणतें!

शिवाय, महाराजांच्या पश्चात् काय झालें तेंही पाहावें. भोरचे सचिव, बावड्याचे अमात्य हीं संस्कृत पदें घराण्यांत टिकलीं; परंतु मुख्य प्रधानास लोक 'पेशवा'च म्हणत राहिले, आणि 'पेशवा' शब्द फारसी. अटकेपर्यंत ज्यांची सत्ता पोंचली, त्यांस ह्या फारसी पदाची लाज वाटल्याचें ऐकिवांत नाहीं. खुद्द 'राज्यव्यवहारकोश' पाहा. ज्या यावनी शब्दांची जागा घ्यावयाची, ते शब्द त्यांत प्रतिशब्दांसमोर जसेच्या तसे मांडले आहेत. ज्यांस दरबाराबाहेर काढलें, त्यांचीं नांवें पंडितांनीं वहींत टिपून ठेविलीं. आजचे शुद्धीचे पुरस्कर्ते शब्द काढावयास सांगतात. टिपून ठेवावयास सांगत नाहींत.

माधव ज्यूलियन यांचें उदाहरण येथें स्मरणीय आहे. सन १९३८ मध्यें 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून त्यांनीं परकी शब्दांविरुद्ध लेखणी चालविली. परंतु त्यापूर्वीं, सन १९२५ मध्यें, त्यांनींच 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला होता. ज्या शब्दांस निरोप द्यावयाचा, त्यांचें कूळ, शील, वय हें त्यांस आधीं ठाऊक होतें. त्यांच्या मताशीं आमचें पटत नाहीं. परंतु त्यांच्या अभ्यासापुढें आम्ही वांकतों. इतिहासाचार्य राजवाडे यांची गोष्टही अशीच. आडनांवांस संस्कृत मुळें शोधण्याच्या भरांत त्यांनीं कितीएक व्युत्पत्त्या ओढूनताणून केल्या, हें आज कोणीही कबूल करील. तरीही त्यांनीं आधीं शब्द गोळा केले, दप्तरें धुंडाळलीं, गांवोगांव पायपीट केली. आजच्या सुधारकांस ना कोश ठाऊक, ना दप्तर. शेवटचा परिणाम काय तो त्यांस हवा, कष्ट नकोत.

इराणांतली एक गोष्ट सांगितल्यावांचून हा मुद्दा पुरा होत नाहीं. तेथेंही विसाव्या शतकांत भाषाशुद्धीची चळवळ झाली. सन १९३५ मध्यें तेथें भाषेसाठीं 'फरहंगिस्तान' नांवाची परिषद् स्थापन झाली, आणि अरबी शब्द काढून जुने पारसीक शब्द पुढें आणण्याचा उद्योग सुरू झाला. त्या वाऱ्यांत जे जुने शब्द पुन्हां मानानें वावरूं लागले, त्यांत 'दबीर' हा एक होता. आज तेथें माध्यमिक शाळेच्या शिक्षकास 'दबीर' व त्या शाळेस 'दबीरस्तान' म्हणतात. इराण्यांनीं शुद्धीसाठीं जो शब्द घरांत घेतला, तोच शब्द आम्ही शुद्धीसाठीं घराबाहेर टाकूं पाहतों. आणि पाहा योग कसा, कीं आमचे ते वृद्ध डबीर जन्मभर शाळामास्तरच होते.

आतां हें आडनांव इतकें विरळ कां, याचाही विचार करूं. कारण पुष्कळांची समजूत अशी, कीं जें आडनांव सर्वत्र ऐकूं येत नाहीं त्यांत कांहींतरी गौण असलें पाहिजे. वास्तविक हिशेब अगदीं सरळ आहे. गांवोगांव एक पाटील व एक कुलकर्णी. म्हणून पाटील व कुलकर्णी हीं आडनांवें महाराष्ट्रांत पावलोपावलीं भेटतात. अनेक गांवें मिळून एक परगणा, आणि परगण्यास एक देशमुख व एक देशपांडे. म्हणून हीं आडनांवें त्यांहून थोडीं. डबीर, सुरनीस, वाकनीस हे दरबाराचे अधिकारी. आणि दरबार ते किती असणार? म्हणून हीं आडनांवें बोटांवर मोजण्याजोगीं. आडनांवांची संख्या म्हणजे जुन्या राज्यकारभाराचा एक नकाशाच होय. इतिहासाच्या पुस्तकांतील तो नकाशा विद्यार्थी परीक्षेनंतर विसरतात. हा नकाशा मात्र शाळेच्या हजेरीपटावर रोज मोठ्यानें वाचला जातो. त्यांतील कुलकर्ण्यांचें एक घर गेलें, तर नकाशास धक्का लागत नाहीं. डबिरांचीं चार घरें गेलीं, तर एक दरबार पुसला जातो.

येथें दुसऱ्या बाजूच्या लोकांसही दोन शब्द ऐकविणें न्यायाचें होईल. त्या घरीं आमच्याबरोबर एक नातलग गृहस्थ बसले होते. ते अभिमानानें म्हणाले, "आम्ही डबीर म्हणजे थेट अष्टप्रधानांतले." आम्हीं त्यांस कांहीं पुरावा आहे काय असें विचारतांच ते रुष्ट झाले. परंतु हा अभिमानही त्या लाजेइतकाच अज्ञानमूलक आहे. ज्या हुद्द्यावरून आडनांव पडलें, तो हुद्दा अनेक दरबारांत होता. बंगालच्या हुसेनशहाच्या दरबारांत, सन १४९४ ते १५१९ या काळांत, ज्यांस परंपरा 'दबीर खास' म्हणून ओळखते, ते पुढें चैतन्यमहाप्रभूंचे शिष्य होऊन रूप गोस्वामी या नांवानें वृंदावनीं राहिले व भक्तिरसावर संस्कृत ग्रंथ लिहिते झाले. पाटील हें आडनांव अनेक जातींत आहे, अनेक धर्मांतही आहे. म्हणून सगळे पाटील एका रक्ताचे असें कोणी म्हणत नाहीं. आडनांवावरून काम कळतें. कूळ कळेलच असें नाहीं. ज्यांस कूळ पाहिजे त्यांनीं कागद शोधावे. नुसत्या आडनांवावर पराक्रमाची वंशावळ चढविणें, हें दुसऱ्याच्या शेतांत आपली बैलजोडी बांधण्यासारखें आहे.

राहिला तिसरा मुद्दा. ज्याचें नांव त्यानें ठरवावें, हें तत्त्व आम्हांस मान्य आहे. किंबहुना आमच्या सर्व प्रतिपादनांत हा एकच मुद्दा आम्हांस खरोखर जड वाटतो. ज्यांच्या पूर्वजांस गांवानें हिणवून कांहींतरी नांव ठेविलें, तेंच दप्तरांत चढलें, आणि वर्गांत मास्तरानें हजेरी घेतांना ज्या नांवावर मुलें हंसलीं, त्यांनीं तें नांव टाकलें तर आम्ही त्यांचें अभिनंदन करूं. ज्या आडनांवामुळें जात ओळखून खोली नाकारली जाते, तें आडनांव बदलणाऱ्यास नांवें ठेवण्याचा अधिकार खोली नाकारणाऱ्या समाजास मुळींच नाहीं. तेथें नांव टाकणें म्हणजे स्वाभिमान. आणि लग्न होतांच निम्म्या समाजास आपलें आडनांव टाकावयास लावतांना ज्यांच्या मनांत कधीं प्रश्न उद्भवला नाहीं, त्यांनीं 'परंपरेनें आलेलें नांव पवित्र' असेंही आम्हांस सांगूं नये. ह्या मुद्द्यावर आमचे मित्रही आमच्यावर रागावतील, रागावोत.

परंतु आमच्या डबीर तरुणाची गोष्ट यांपैकीं कोणत्या वर्गांत बसते? त्याच्या नांवानें त्याचा अपमान कोणी केला? डब्याची थट्टा करणाऱ्यांनीं? ती थट्टा तर त्यास सोसवत होती, असें तो स्वतःच म्हणाला. त्याच्या नांवानें त्याची कोणती वाट अडली? कोणतीही नाहीं. त्याला लाज वाटली ती व्याख्यान ऐकल्यावर. म्हणजे ती लाज त्याची स्वतःची नव्हे, उसनी आहे. स्वतः निवडलेल्या नांवाचा आम्ही आदर करूं. परंतु भ्यायलेल्या मनानें घेतलेलें नांव हें निवडलेलें नांव नव्हे. मनुष्यास आपल्या नांवाचा अर्थ ठाऊक नसावा आणि दुसऱ्या कोणी सांगितलेल्या अर्थावरून त्यानें तें टाकावें, यांत कसलें आलें स्वातंत्र्य?

आणि ह्या शुद्धीचा शेवट कोठें आहे? आज डबीर गेले. उद्यां चिटणीस, फडणीस, पोतनीस जातील. मग मुजुमदार, जमेनीस, हवालदार यांच्या दारावर टकटक होईल. नंतर ज्या गांवांवरून 'कर' लावून आडनांवें झालीं, त्या गांवांचीं मूळ नांवें कानडी आहेत काय याची चौकशी होईल. त्यांत जे पास होतील ते शुद्ध मराठे, आणि जे नापास होतील त्यांनीं राजपत्राची वाट धरावी! ही चाळणी एकदां हातीं घेतली, कीं तिच्या भोंकांतून कोण पडेल हें चाळणाराही सांगूं शकत नाहीं. माणसांची परीक्षा त्यांच्या नांवाच्या व्युत्पत्तीवरून घेण्याची संवय ज्या समाजास लागते, तो पुढें तीच परीक्षा माणसांची घेऊं लागतो. आम्हांस भय वाटतें तें याचें. शब्दकोशाची भाषा बोलत बोलत हे गृहस्थ शेवटीं 'तुमचें घर खरोखर इथलें आहे काय?' हा प्रश्न विचारावयास शिकवीत आहेत.

शुद्ध मराठी लिहावी, सोपी लिहावी, विनाकारण इंग्रजी-फारसी कोंबूं नये, हें आम्ही वर्गांत तीस वर्षें सांगत आलों आहों आणि यापुढेंही सांगूं. नवा शब्द घडवितांना संस्कृतचा, आपल्या बोलींचा आधार घ्यावा, यांतही आमचा वाद नाहीं. परंतु नवें घर बांधतांना विटा कोणत्या घ्याव्यात हा एक प्रश्न, आणि आजोबा ज्या घरांत राहत आहेत त्याच्या भिंती उकरून विटांची जात पाहणें हा दुसरा. पहिला शहाणपणाचा आहे; दुसऱ्यानें घर पडतें.

त्या तरुणास आमचें सांगणें थोडक्यांत असें. तुझ्या आडनांवाचा अर्थ 'लिहिणारा' असा आहे. तो शब्द मातीच्या पाटीपासून निघाला, बेहिस्तूनच्या कड्यावरून आला, अशोकाच्या शिळेवर थांबला, वलभीच्या तांब्यावर उमटला, सुलतानांच्या दप्तरांत वावरला, आणि आग्र्याच्या कैदेंतून रायगडावर पोंचला. 'सुमंत' हेंही नांव थोर आहे. पण तें महाराजांनीं एका डबिरास दिलेलें पद आहे, आणि तो डबीर होता हें विसरलें म्हणजे त्या पदाची कथाही अर्धी राहते. अर्ज तुझा आहे. सही तुझी आहे. सगळें समजून घेऊन तूं सुमंत झालास, तर आम्ही लग्नास येऊं आणि नव्या नांवानें तुला आशीर्वाद देऊं. परंतु कोणी विचारल्यास आतां तरी 'मला सांगतां येत नाहीं' असें म्हणूं नको. आणि अर्ज पाठविण्यापूर्वीं एकदां आजोबांजवळ बसून त्यांच्या शाळेंतील जुने हजेरीपट पाहा. त्यावरच्या सह्या खोट्या नाहींत, एवढें त्यांना तुझ्या तोंडून ऐकावयाचें आहे. आमच्या तोंडून नव्हे.